मोटर बंद केल्यावरचं जंगल

वल्ह्याची होडी आणि मोटरची होडी एकाच नदीवर दोन वेगळी जंगलं दाखवतात, हे मला कुयाबेनोत कळलं. इक्वेडोरच्या ईशान्य टोकाला, कोलंबिया आणि पेरूच्या सीमांजवळ, सुकुम्बिओस प्रांतात हे अभयारण्य आहे, 1979 साली जाहीर झालेलं, साधारण 6,000 चौरस किलोमीटरचं. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याचा हा पश्चिमेकडचा भाग. पाऊस चांगला झाला की नदी काठ सोडून आत घुसते, तळी एकमेकांना मिळतात, झाडं बुंध्यापर्यंत पाण्यात उभी राहतात, आणि मग जंगलात चालायचा प्रश्नच उरत नाही, झाडांच्या मधून होडी घालायची. डिसेंबर ते फेब्रुवारीत उलटं, लागुना ग्रांदे नावाचं मोठं तळं आटत आटत चिखलावर येतं. म्हणजे एकच जागा, अर्धं वर्ष तळं आणि काही महिने जवळजवळ मैदान, आणि तिथला प्रत्येक जीव या चढउताराच्या हिशोबानं जगतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी भरपूर होतं.

तिथवर पोचायचा रस्ता मात्र सुंदर वगैरे अजिबात नाही आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. राजधानी क्वितोहून अँडीज ओलांडून खाली उतरायचं, लागो आग्रियो गावाला यायचं, तिथून आणखी दोनेक तास गाडीनं, मग कुयाबेनो नदीवरचा पूल, तिथे चौकीत नाव नोंदवायचं आणि होडीत बसायचं. या रस्त्याच्या कडेनं कितीतरी वेळ आपल्या सोबत तेलाचे पाइप धावत असतात. 1967 साली लागो आग्रियोला तेल लागलं, 1972 पासून ते पाइपलाइननं अँडीज ओलांडून समुद्रकिनाऱ्यापर्यंत जायला लागलं, आणि तेलासाठी जे रस्ते केले त्याच रस्त्यांवरून शेतीसाठी माणसं आली, जंगल तुटलं, पामच्या लागवडी उभ्या राहिल्या. खिडकीतून हे सगळं बघत बघत आपण जंगलाकडे जातो. ज्या रस्त्यानं जंगल मागे सरकलं त्याच रस्त्यानं आपण ते बघायला चाललोय, हे मला सारखं टोचत होतं, आणि टोचायलाच हवं असं मला आजही वाटतं.

पुलापासून लॉजपर्यंतचा प्रवास मोटरच्या लांब होडीनं होतो, सामान, माणसं, भाजीपाला सगळं एकाच होडीत, आणि तो दोन तासांचा प्रवासही काही वाईट नव्हता, गाईड मध्येमध्ये थांबवत होते, माकडं दाखवत होते, निळे मॉर्फो फुलपाखरू पाण्यावरून वरखाली होत गेलं तेव्हा सगळ्यांनी एकदम आवाज केला. पण मोटरच्या होडीत आपण जंगलाच्या बाहेर बसून जंगल बघतो. आवाजानं निम्मं जंगल आधीच गप्प झालेलं असतं, आणि जे दिसतं ते दिसेपर्यंत मागे गेलेलं असतं.

वल्ह्याची फेरी दुसऱ्या दिवशी पहाटे. होडीत आम्ही मोजकीच माणसं, पुढे एक तरुण नॅचरलिस्ट गाईड, क्वितोकडची मुलगी, ती स्पॅनिशमधलं इंग्रजीत सांगायची, आणि सगळ्यात मागे सिओना या तिथल्या आदिवासी समाजातले एक वयस्क गाईड, याच नदीवर जन्मलेले. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायला लागले होते आणि इथेही तेच म्हणते. होडीची दिशा मागूनच धरतात त्यामुळे काका मागे बसायचे, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांना पुढचं बघायला लागायचं, आणि तरी सगळ्यात आधी दिसायचं ते त्यांनाच, दरवेळी.

त्यांनी आम्हाला वल्हवायला शिकवलं आणि त्यातली मुख्य गोष्ट जोराची नव्हती. वल्हं होडीच्या कडेला आपटायचं नाही. लाकडावर लाकूड आपटलं की जो टक् असा आवाज होतो तो पाण्यावरून फार लांब जातो, आणि जंगलात तसा आवाज दुसरं कुणी करत नाही त्यामुळे माणूस आला हे सगळ्यांना कळतं. पाणी उडवायचं नाही. काहीतरी दिसल्यावर तर वल्हं पाण्याबाहेर काढायचंच नाही, पातं पाण्यातच आडवं फिरवून पुन्हा पुढे न्यायचं, म्हणजे थेंबसुद्धा पडत नाही. काका हे इतक्या सहज करायचे की होडी चालतीये की वाहतीये तेच कळायचं नाही. आम्हाला जमायला वेळ लागला, खांदे भरून आले, पण एकदा लय लागली आणि मग हळूहळू आजूबाजूचे आवाज यायला लागले. म्हणजे ते होतेच, आपल्यामुळे झाकले गेले होते.

आणि आवाज किती असतात! ओरोपेंडोला नावाचा एक पक्षी आहे, मोठा, पिवळ्या शेपटीचा, तो फांदीवर पुढे झुकून असा काही आवाज काढतो की खोल भांड्यात पाण्याचा थेंब पडावा आणि तो थेंबच गायला लागावा. त्यांची लांबलचक विणलेली घरटी एकाच झाडाला डझनांनी लटकत असतात, आणि काकांनी दाखवलं की त्याच फांदीवर गांधीलमाश्यांचं पोळंही आहे. हे पक्षी बऱ्याचदा पोळ्याच्या शेजारीच घरटी बांधतात, म्हणजे घरट्याकडे वाकड्या नजरेनं बघणाऱ्याला आधी गांधीलमाश्यांशी गाठ. लांबून हाउलर माकडांचा आवाज यायचा, तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं वादळ येतंय. या माकडांच्या गळ्यातलं एक हाड फुगीर, पोकळ असतं त्यामुळे आवाज घुमतो आणि काही किलोमीटरपर्यंत ऐकू जातो, आणि पहाटे एक टोळी ओरडली की दुसरी उत्तर देते, आम्ही इथे आहोत, तुम्ही तिथेच रहा. भांडण टाळायची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटली.

पाणी काळं असतं. घाण नाही, काळं, कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि कारणही चहासारखंच, पानं आणि लाकूड पाण्यात कुजून त्यातलं टॅनिन उतरतं. कुयाबेनो नदी जंगलातच उगम पावते त्यामुळे तिच्यात डोंगराची माती नाही, आणि ती पुढे जिला मिळते ती आग्वारिको अँडीजमधून गाळ घेऊन येते म्हणून ती मातकट. काळं पाणी आम्लधर्मी असतं, त्यात पोषक द्रव्यं कमी, डासांच्या अळ्यांनाही ते फारसं मानवत नाही, त्यामुळे तळ्याच्या मध्यावर डास जवळजवळ नव्हतेच. आणि या पाण्यात प्रतिबिंब असं पडतं की वारा नसला तर झाड कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. लागुना ग्रांदेच्या मध्यात माक्रोलोबियम नावाची झाडं उभी आहेत, थेट पाण्यात, आणि प्रत्येक झाडावर अननसाच्या कुळातल्या वनस्पती, ऑर्किड, मुंग्यांची वारुळं, कोळ्यांची जाळी, म्हणजे प्रत्येक झाड हे एक बेटच. वर्षातले कितीतरी महिने ही झाडं पाण्यात उभी राहतात आणि मरत नाहीत. काकांनी होडी अशा एका झाडाला अलगद टेकवली आणि आम्ही नुसते बघत बसलो, खूप वेळ, त्या एका झाडाकडे.

याच तळ्याच्या काठावर होआत्झिन दिसले. फोटोत बघितलेला होता पण प्रत्यक्षात हा पक्षी फारच वेगळा वाटतो, कोंबडीएवढा, निळा चेहरा, लाल डोळे, डोक्यावर विस्कटलेला तुरा, आणि तो उडतो म्हणण्यापेक्षा एका झुडपातून दुसऱ्या झुडपात पडतो. याचं कारण त्याच्या पोटात आहे. हा पक्षी मुख्यतः पानं खातो, आणि ती पचवण्यासाठी त्याच्या गळ्याखालची पिशवी खूप मोठी झालेली आहे, तिच्यात जिवाणू पानं आंबवतात, गायीच्या पोटात होतं तसंच. त्या पिशवीला जागा करून देताना उडण्याचे स्नायू ज्या हाडाला चिकटतात ते हाड लहान झालं, म्हणून उडणं कच्चं. आणि आंबवण्यामुळे अंगाला वास येतो, शेणासारखा, म्हणून तिथले लोक त्याला दुर्गंधी पक्षी म्हणतात आणि शक्यतो खात नाहीत. पण खरी गंमत पिल्लांची. घरटं पाण्यावर झुकलेल्या फांदीवर असतं, धोका आला की पिल्लू सरळ पाण्यात उडी टाकतं, पोहत जातं, आणि मग पंखांवरच्या नख्यांनी झाडावर चढून परत घरट्यात. लहानपणी प्रत्येक पंखाला दोन नख्या असतात, मोठेपणी जातात.

आम्हाला पिल्लू दिसलं. काकांनी होडी फांद्यांच्या खाली नेली, वल्हं पाण्यात ठेवून होडी नुसती धरून ठेवली, आणि हनुवटीनं दाखवलं, बोटानं नाही, ते कधीच बोट करत नसत कारण हात वर गेला की पक्षी उठतो. काळपट, अर्धवट पिसांचं, वेलीला चिकटलेलं पिल्लू. त्यानं एक पंख पुढे टाकला, नख्या वेलीत रुतवल्या, अंग ओढून घेतलं, थांबलं, मग दुसरा पंख. पक्ष्याला असं चढताना बघणं हे... मला शब्द नाहीत. पंख हा हात होता ही गोष्ट आपण शाळेत शिकलेलो असतो, इथे तो हात काम करत होता, आमच्यापासून चार-पाच फुटांवर. पिल्लाची आई वरून घोगऱ्या आवाजात फुसफुसत होती, आणि काकांनी लगेच होडी मागे घेतली. आमचं बघून झालं नव्हतं, कॅमेरे वरच होते, पण आई बोलली म्हणजे संपलं, हा त्यांचा हिशोब. मला तो हिशोब शंभर टक्के पटला.

हे सगळं सांगायचं कारण असं की त्या फेऱ्यांमध्ये मी स्वतः म्हणून जवळजवळ काहीच शोधलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. पोटू नावाचा पक्षी दिवसभर तुटक्या फांदीच्या टोकावर डोळे मिटून, मान वर करून बसतो, रंगही लाकडाचाच, आणि दुर्बिणीतून बघूनही मला तो फांदीच वाटत होता, काकांनी तो होडी चालवता चालवता, नुसत्या डोळ्यांनी काठावरून ओळखला. मी विचारलं कसा काय दिसला, तर त्या मुलीनं विचारून सांगितलं की काका म्हणतायत, ती फांदी तिथे नव्हती. म्हणजे काठावरच्या झाडाच्या फांद्या त्यांना माहीत होत्या! आपल्याला जे 'जंगल' असं एकसंध हिरवं दिसतं ते त्यांना ओळखीच्या एकेका झाडाचं दिसतं, कुठल्या झाडाला आत्ता फळं आहेत, कुठे गेल्या वर्षी पोपटांनी ढोली धरली होती, कुठल्या वाळलेल्या मोरेते पाममध्ये मकाव राहतात.

सगळ्यात जास्त मला हे पिग्मी मार्मोसेटच्या वेळी जाणवलं. जगातलं सगळ्यात लहान माकड, वजन साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि नदीकाठच्या झाडांवर राहणारं. काकांनी माकड दाखवलंच नाही. त्यांनी आधी झाडाची साल दाखवली, तिच्यावर बारीक बारीक गोल भोकं, एकाखाली एक, काही जुनी सुकलेली, काही ओली. ही माकडं खालच्या दातांनी साल कोरतात, मग त्यात डिंक साचतो आणि तो येऊन चाटतात, त्यांचं मुख्य अन्न हेच. ओली भोकं म्हणजे आज सकाळी कुणीतरी आलं होतं, म्हणजे पुन्हा येणार. मग आम्ही थांबलो. होडी एका वेलीला धरून. किती वेळ ते मला माहीत नाही, पायाला मुंग्या आल्या, एकदा पाऊस येऊन गेला, आणि मग बुंध्याच्या मागून एक डोकं आलं, बोटाएवढं, केसाळ, गर्रकन इकडे वळलं, तिकडे वळलं, आणि भोकापाशी आलं. जीभ बाहेर, चाटलं, पुढचं भोक. त्याच्या मागे दुसरं, आणि दुसऱ्याच्या पाठीवर काहीतरी होतं, ते पिल्लू आहे हे कळायला वेळ लागला. जर मला सरळ माकडच दाखवलं असतं तर मी फोटो काढून पुढे गेले असते. सालीपासून सुरुवात केल्यामुळे मला त्या माकडाचा दिवस दिसला, त्याला ठराविक झाडं लागतात, ती झाडं नदीकाठची असतात, आणि नदीकाठचीच झाडं माणूस आधी तोडतो, हे सगळं त्या भोकांमध्ये होतं.

डॉल्फिनचं वेगळं. गुलाबी डॉल्फिन शोधायला लागत नाहीत, त्या येतात, किंवा येत नाहीत. श्वास सोडल्याचा फुस्स आवाज आधी, मग वळून बघेपर्यंत पाठ आत गेलेली. समुद्रातल्या बहुतेक डॉल्फिनच्या मानेचे मणके जुळलेले असतात, या नदीतल्या डॉल्फिनचे सुटे, त्यामुळे तिला मान वळवता येते आणि पाण्याखाली गेलेल्या जंगलात झाडांच्या बुंध्यांमधून ती वळणं घेत मासे पकडते. लहानपणी राखाडी असते, वय वाढेल तसा गुलाबीपणा वाढतो. 2018 पासून ती धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे, जाळ्यात अडकणं, मासे पकडायला तिचं मांस आमिष म्हणून वापरणं, धरणं, अशी कारणं. आमच्या होडीभोवती त्या बऱ्याच वेळा आल्या आणि मोटरची होडी तळ्यात शिरली की लांब गेल्या, मी तरी तसंच बघितलं.

रात्रीची फेरीही वल्ह्यांनीच. टॉर्च काठावर फिरवला की मगरीसारख्या काइमनचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात, डोळ्याच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो म्हणून, आणि दोन डोळ्यांमधल्या अंतरावरून काका अंदाज सांगायचे की हा केवढा असेल. काळा काइमन विसाव्या शतकात कातड्यासाठी इतका मारला गेला की अ‍ॅमेझॉनमधल्या बऱ्याच भागांतून दिसेनासा झाला होता, तो आता काही ठिकाणी सावरलाय, आणि इथे सावरलेला आहे हे दोन डोळ्यांमधलं अंतर बघून पटतं. मग टॉर्च बंद. मासे पकडणारी वटवाघळं पाण्याला अगदी लागून उडतात, माशानं पाण्यावर काढलेली बारीक लहर त्यांना प्रतिध्वनीतून कळते, आणि मागच्या पायांच्या लांब नख्यांनी ती मासा उचलतात. काळोखात दिसत काहीच नाही, पाण्यावर रेघ ओढल्यासारखा आवाज होतो आणि गालाला वारा लागतो.

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. एका दुपारी माक्रोलोबियमच्या मुळांवर अ‍ॅनाकोंडा ऊन खात पडला होता, मोठा, पिवळट काळ्या ठिपक्यांचा, आणि आम्ही लांबून बघत होतो. तेवढ्यात दुसरी एक होडी आली, मोटरची, ती अगदी जवळ गेली, आणि त्यातल्या कुणीतरी काठीनं त्याला हलवून बघायला सांगितलं, व्हिडिओसाठी. त्यांच्या गाईडला ते आवडलेलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण त्यानं वल्हं पुढे केलंच, आणि साप पाण्यात गेला. काकांनी काही म्हटलं नाही. नंतर जेवताना त्या मुलीनं सांगितलं की पाहुणे नाराज झाले तर रिव्ह्यू वाईट येतो, टिप मिळत नाही, पुढच्या वेळी काम दुसऱ्याला जातं. तेव्हा मला लख्ख कळलं की प्राणी पकडून दाखवणारा गाईड हा बहुतेक वेळा आपणच तयार केलेला असतो. पिग्मी मार्मोसेटसाठी पावसात थांबायला तयार असलेले पाहुणे असतील तर गाईड साल दाखवतो. व्हिडिओ हवा असणारे पाहुणे असतील तर तो साप हलवतो. अ‍ॅनाकोंडा असो की काइमन, ऊन खात पडलेल्या प्राण्याला हात लावू नये, हे काही पुस्तकात शिकायची गोष्ट नाही.

शेवटाकडे आम्ही नदीकाठच्या सिओना गावात गेलो, पुएर्तो बोलिवार. तिथे एका बाईंनी कासाबे नावाची भाकरी करून दाखवली, युकाच्या कंदाची (साबुदाणा ज्याचा करतात तोच कंद), कंद शेतातून उपटायचा, सोलायचा, किसायचा, मग विणलेल्या लांब पट्ट्यात भरून पिळायचा म्हणजे रस निघून जातो, आणि कोरडा झालेला कीस चाळून मातीच्या तापलेल्या तव्यावर पसरायचा. तेल नाही, पाणी नाही, मीठ नाही, स्वतःच्याच चिकटपणानं भाकरी धरते. पिळायला आम्हीही लागलो होतो. काका बाजूला बसून हसत होते, ते त्यांच्या नात्यातलंच घर होतं.

तिथे बसल्यावर मला जो प्रश्न पडला तो मी अजून सोडलेला नाही. आपण म्हणतो 'अस्पर्शित जंगल'. हे अस्पर्शित नाहीच. सिओना, सिएकोपाई, कोफान, किचवा, या लोकांचं हे घर आहे, अभयारण्य 1979 चं आणि ते त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. पेरूच्या सीमेवर याच अभयारण्यात लागार्तोकोचा नावाचा काळ्या पाण्याच्या तळ्यांचा भाग आहे, सिएकोपाई लोक त्याला पेकेया म्हणतात. 1941 मध्ये पेरू आणि इक्वेडोरचं युद्ध झालं तेव्हा त्यांना तिथून निघावं लागलं, नंतर सीमेवर लष्कर बसलं, नंतर ते अभयारण्य झालं, आणि ज्यांचं ते होतं ते बाहेरच राहिले. नोव्हेंबर 2023 मध्ये सुकुम्बिओसच्या न्यायालयानं निकाल दिला की 42,000 हेक्टरहून जास्त जमिनीची मालकी त्यांना द्यावी आणि सरकारनं त्यांची माफी मागावी. ऐंशी वर्षांहून जास्त काळ! त्यातले जे म्हातारे लहानपणी तिथे राहिले होते त्यांच्यापैकी किती जण हा निकाल ऐकायला उरले असतील.

काही जण म्हणतात की संरक्षित जंगलात माणसं राहिली की जंगल संपतं. मला हे पटत नाही, निदान इथे तरी नाही. आग्वारिकोच्या खालच्या भागातल्या साबालो गावातल्या कोफान लोकांनी नदीतल्या कासवांची अंडी वाळूतून काढून, पिल्लं वाढवून पुन्हा नदीत सोडायचं काम स्वतःहून सुरू केलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. याच नदीच्या वरच्या अंगाला सिनांगोए गावच्या कोफान लोकांनी स्वतःचं गस्तीपथक केलं, सोन्याच्या खाणवाल्यांचे फोटो, जीपीएसच्या नोंदी गोळा केल्या, कोर्टात गेले, आणि 2018 मध्ये 52 खाणपरवाने रद्द करून घेतले. आलेक्सांद्रा नार्वाएस आणि आलेक्स लुसितांते या त्या लढ्यातल्या दोघांना 2022 चं गोल्डमन हे पर्यावरणासाठीचं पारितोषिक मिळालं. वरती नदीत सोनं काढायला वापरतात तो पारा मिसळला असता तर तो खालच्या माशांत आला असता, माशांतून डॉल्फिनमध्ये आणि त्या बाईंच्या ताटात. हे लोक नसते तर हे कोण थांबवणार होतं?

आणि ती फांदी तिथे नव्हती हे ओळखणारी नजर, ती कुठल्या कोर्सला मिळत नाही. ती नदीवर लहानाचं मोठं झाल्यावर येते, आणि ती पुढच्या पिढीत येण्यासाठी मुलांना नदीवर राहता आलं पाहिजे, त्यातून पोट भरलं पाहिजे. काकांचा एक मुलगा लागो आग्रियोला तेलाच्या कामावर आहे, दुसरा गाईडचं लायसन्स घेतोय. त्यांनी हे साधेपणानं सांगितलं, तक्रार म्हणून नाही. पण मला वाटलं की कुयाबेनोचा सगळा प्रश्न त्या एका घरात आहे.

म्हणून कुणी मला विचारलं की अ‍ॅमेझॉनला जायचंय, कुठलं पॅकेज घेऊ, तर मी लॉजच्या खोल्यांबद्दल सांगतच नाही. मी म्हणते, बुकिंगच्या आधी त्यांना मेल टाकून हे विचारा: मागे वल्हं धरून कोण बसणार आहे, तो माणूस तिथलाच आहे का, त्याला दिवसाचे किती मिळतात. वल्ह्याची फेरी रोज आहे की नुसती एकदा, नावापुरती. एका होडीत किती जण. गावात नेणार असाल तर त्यातले पैसे गावाला जातात की तुमच्याकडेच राहतात. प्राणी पकडून दाखवता का, आणि या प्रश्नाला 'हो, नक्की दाखवू' असं उत्साहानं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. ज्यांच्याकडे या प्रश्नांची उत्तरं असतात ते ती आनंदानं देतात, आणि थोडे पैसे जास्त पडतात, ते पडू द्या. जमलं तर पाणी भरलेल्या महिन्यांत जा, आणि जास्त दिवस ठेवा, कारण पहिला दिवस तर वल्हं न आपटायला शिकण्यातच जातो.